बारा एकरांची बाग आणि मालाचे नाव

लहान शेतकऱ्याच्या मालाला बाजारात स्वतःचे नाव मिळू शकते काय, आणि मिळालेले नाव टिकते कशामुळे, हा प्रश्न लातूर व नांदेड या जिल्ह्यांत आज प्रत्यक्ष उभा राहिला आहे. सन २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर या तीन मालांना भौगोलिक मानांकन मिळाले. कागदावर नाव आले. ते गिऱ्हाइकाच्या मनात रुजणे अद्याप बाकी आहे. या कामी इटलीच्या वायव्येकडील पिएमोंते प्रांतातील लहान द्राक्षबागाईतदारांचा अनुभव विचारात घेण्यासारखा आहे. हे शेतकरी परंपरागत पद्धतीने तांबडी वाईन करतात. त्यांची वेल येथे आणून लावावी, असा याचा अर्थ नव्हे. त्यांची शिस्त मात्र अवश्य पाहावी.

पिएमोंतेतील लांगे हा डोंगराळ मुलूख. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील शेतकरी अत्यंत हलाखीत होता. तरुण माणसे शेती सोडून तुरीन शहरातील मोटारींच्या कारखान्यांकडे जात होती. उतारावरच्या लहान लहान तुकड्यांत नेब्बिओलो नावाचे काळे द्राक्ष होत असे. हे द्राक्ष फार उशिरा, म्हणजे ऑक्टोबरात पिकते आणि कोणत्याही जमिनीला मानवत नाही. त्याची वाईन नवी असताना इतकी तुरट लागते की घोट घेणे नकोसे व्हावे. परंतु तीच वाईन काही वर्षे ठेवली म्हणजे तिचा तुरटपणा निवतो आणि तिला दुर्मिळ असा सुगंध येतो. बारोलो व बार्बारेस्को या गावांची नावे धारण करणाऱ्या दोन प्रसिद्ध वाईन याच एका द्राक्षाच्या होत.

त्यांची जुनी रीत साधी आहे. द्राक्षे चिरडून रस सालीसह आंबवितात, कारण तांबडा रंग व तुरटपणा ही दोन्ही सालीतून उतरतात. साल रसात कित्येक आठवडे राहू देतात. नंतर ती वाईन ओक लाकडाच्या मोठ्या, जुन्या पिंपांत भरून तळघरात ठेवतात. बारोलो या नावाने विकावयाची वाईन किमान ३८ महिने मुरविली पाहिजे व त्यांपैकी १८ महिने ती लाकडात राहिली पाहिजे, असा आजचा नियम आहे. कोणत्या शिवारातील व कोणत्या जातीचे द्राक्ष वापरावे हेही ठरलेले असते. इटलीने सन १९६३ मध्ये कायदा करून गावाच्या नावाला असे संरक्षण दिले.

सन १९८० नंतर मात्र तेथे मोठा वाद माजला. परदेशी गिऱ्हाइकाला लवकर पिण्याजोगी, मऊ वाईन हवी होती. तेव्हा कित्येकांनी सुमारे २२५ लिटरची नवी फ्रेंच पिंपे आणली. त्यांत वाईन लवकर तयार होई आणि तिला नव्या लाकडाचा गोडसर वास येई. भावही चांगला मिळे. बारोलो गावचे बार्तोलो मास्कारेल्लो यांनी या वाटेने जाण्याचे नाकारले. त्यांची बाग सुमारे पाच हेक्टर, म्हणजे जेमतेम बारा एकर. चार ठिकाणच्या तुकड्यांतील द्राक्षे एकत्र करून एकच बारोलो काढावयाची, हा वाडवडिलांचा शिरस्ता त्यांनी सोडला नाही आणि पिंपेही बदलली नाहीत. सन २००५ मध्ये ते निवर्तले. त्यानंतर त्यांच्या कन्येने तेच काम चालविले. जे गिऱ्हाईक एकदा नव्या चवीकडे वळले होते, त्यांतील पुष्कळसे पुढे जुन्या रीतीच्या बारोलोकडे परत आले. नव्या पक्षाने वेलीवरील भार कमी करण्याकडे व तळघराच्या स्वच्छतेकडे लक्ष वेधले, तेही हिताचेच ठरले. जुने ते सर्व चांगले असे नव्हे. परंतु ज्या गुणामुळे माल ओळखला जातो, तो गुण घाईसाठी विकून टाकणे हे मात्र नुकसानीचे.

एकट्याने हे साधणे सर्वांना शक्य नसते, हेही तेथील शेतकऱ्यांनी जाणले. बार्बारेस्को गावात आल्बा येथील द्राक्षविद्येच्या शाळेचे प्रमुख दोमिझियो काव्हाझ्झा यांनी सन १८९४ मध्ये सहकारी तळघर काढले होते. पुढे फॅसिस्ट राजवटीच्या काळात ते बंद पडले. सन १९५८ मध्ये गावच्या धर्मगुरूने एकोणीस लहान शेतकऱ्यांना पुन्हा एकत्र केले. स्वतःची इमारत नव्हती, म्हणून पहिल्या तीन हंगामांची वाईन चर्चच्या तळघरात झाली. सभासदाने आपले सर्व नेब्बिओलो द्राक्ष संस्थेलाच द्यावे आणि त्याला प्रतीप्रमाणे मोबदला मिळावा, ही तेथील रीत आहे. उत्तम वर्षी नऊ निवडक शिवारांची वाईन वेगवेगळी भरतात. साधारण वर्षी तसे न करता सर्व एकत्र करतात. हलक्या वर्षाचा माल भारी नावाने न विकणे, यातच त्या संस्थेची पत आहे.

नावाला धक्का कसा बसतो, हेही इटलीने अनुभवले आहे. सन १९८६ मध्ये काही व्यापाऱ्यांनी स्वस्त वाईनीत मिथेनॉल हे विषारी द्रव्य मिसळले. त्यामुळे वीसहून अधिक माणसे दगावली आणि प्रामाणिक शेतकऱ्यांच्या मालालाही गिऱ्हाईक राहिले नाही. भेसळ एक करतो, आणि तिची किंमत सारा मुलूख देतो.

आता महाराष्ट्राकडे वळावे. सन २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन उद्योगासाठी क्षेत्रे आखली गेली. पुष्कळ शेतकऱ्यांनी वाईनची द्राक्षे लावली. सन २००८ नंतर मंदी येताच खरेदी आटली. वाईनचे द्राक्ष बारीक व बियांचे. ते खाण्यासाठी विकले जात नाही. त्यामुळे अनेकांना उभ्या बागा काढून टाकाव्या लागल्या. येथील शेतकरी केवळ द्राक्ष पुरविणारा होता, तर लांग्यातील शेतकरी स्वतःच्या मालाचा शेवटपर्यंत धनी होता. फरक मुख्यतः एवढाच. ज्या लातूर शहराला सन २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील कोरडवाहू शेतकऱ्याने वाईनच्या मागे लागण्याचे कारण नाही. शिवाय परवान्यावाचून वाईन करणे या राज्यात गुन्हा आहे.

नांदेडला तर हा धडा घरातच मिळालेला आहे. निजामाच्या राजवटीत या भागातील गावराणी कापसाला स्वतंत्र नाव होते. देशी कापसांत त्याचा धागा लांब व तलम म्हणून बाजारात त्याची ओळख होती. पुढे अमेरिकन जाती आल्या, नांदेडच्याच संशोधन केंद्राचा ‘नांदेड ४४’ हा संकरित वाण घरोघर गेला आणि सन २००२ नंतर बीटी कापसाने शिवार व्यापले. उत्पन्न वाढले, यात शेतकऱ्याची चूक काढता येणार नाही. परंतु नांदेडचा म्हणून ओळखला जाणारा कापूस त्याबरोबर गेला. आज तेथील गाठ इतर कोणत्याही गाठीसारखीच विकली जाते. बोरसुरीच्या तुरीवर तीच पाळी येऊ नये.

यावर कोणी म्हणेल की, लांग्यातील शेतकरी तीन वर्षे थांबतो. निलंग्याचा शेतकरी सावकाराच्या व दुकानदाराच्या तगाद्यापुढे तीन आठवडेही थांबू शकत नाही. हा आक्षेप खरा आहे. परंतु तूर वर्षानुवर्षे मुरवावी लागत नाही. मळणीच्या वेळी पडलेला भाव टळेपर्यंत ती राखली तरी पुरे. बाजार समित्यांमार्फत चालणाऱ्या शेतमाल तारण कर्ज योजनेत गोदामात ठेवलेल्या तुरीवर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने उचलता येते. ही सोय प्रत्येक तूर उत्पादकाला समजावून सांगणे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याचे पहिले काम होय.

दुसरे काम नोंदणीचे. भौगोलिक मानांकनाचा कायदा सन १९९९ चा असून तो सन २००३ पासून अमलात आहे. मानांकन संस्थेच्या नावे मिळाले, तरी प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घेतली पाहिजे. नोंदणी दहा वर्षांची असते व पुढे तिचे नूतनीकरण करावे लागते. तिसरे काम एकत्र येण्याचे. शेतकरी उत्पादक कंपनीस किमान दहा उत्पादक पुरतात. बार्बारेस्कोत एकोणीसच होते. बियाणे शुद्ध राखणे, मानांकित तूर खळ्यापासून वेगळी ठेवणे, गिरणीत तिची डाळ स्वतंत्र पाडून घेणे, आणि ज्या वर्षी प्रत उतरेल त्या वर्षी ती साध्या तुरीच्या भावाने विकण्याची तयारी ठेवणे, एवढे नियम अशा गटाने स्वतःवर घालून घ्यावेत. यांतील शेवटचा नियम पाळण्यास सर्वांत अवघड. पण नावाची खरी राखण तोच करतो.

लातूरच्या बाजारात तूर पुष्कळ येते. तीत दुसरी तूर मिसळून बोरसुरीच्या नावाने विकण्याचा मोह व्यापाऱ्याला होईल, तसाच शेजारच्या शेतकऱ्यालाही होईल. पोत्यावर छाप मारणे एका दिवसाचे काम आहे. ते पोते उघडल्यावर आत तीच तूर निघेल, हा भरवसा गिऱ्हाइकाला देण्यास पिढी लागते, आणि तो मोडण्यास एक हंगाम पुरतो.