कॅमेरा घडला, कारखाना का घडला नाही?

कोल्हापूरला कलानगरी म्हणून जो लौकिक लाभला आहे, त्याच्या मुळाशी एक यंत्र आहे, हे पुष्कळदा विसरले जाते. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाने त्या यंत्राची स्मृती जतन केली आहे. प्रसंगाप्रसंगाने तेथे हार घातले जातात, भाषणे होतात, बाबूराव पेंटर यांच्या प्रतिभेचा गौरव केला जातो, आणि तो सर्वस्वी योग्यच आहे. परंतु गौरवाच्या या गजरात एक साधा प्रश्न कोणी विचारीत नाही. ज्या गावात १९१८ साली चलच्चित्राचा कॅमेरा घडला, त्या गावात, किंबहुना या देशात, कॅमेऱ्याचा उद्योग का उभा राहिला नाही? हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकांचा नाही. यंत्रे वापरणारा देश आणि यंत्रे घडविणारा देश यांत जे अंतर असते, त्याचे उत्तर या एका उदाहरणात पुष्कळसे सापडते.

घटनाक्रम सर्वश्रुत आहे, तरी त्यातील काही तपशील ध्यानात घेतले पाहिजेत. आनंदराव आणि बाबूराव हे दोघे मेस्त्री बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणारे चित्रकार होते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणले आणि पुढील वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. या बंधूंनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रक्षेपक यंत्र मिळविले, त्यावर चित्रपट दाखविता दाखविता त्याची रचना अभ्यासली आणि कॅमेरा स्वतःच बनवावयाचा असा निश्चय केला. १९१६ साली आनंदरावांचे अकाली निधन झाले. बाबूरावांनी आपले सहकारी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये ते काम तडीस नेले. गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक पाठबळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले.

हे काम किती कठीण होते, याची कल्पना यंत्राचे कार्य समजून घेतल्याखेरीज येणार नाही. चलच्चित्राच्या कॅमेऱ्यात फिल्म अखंड वाहत नाही. ती क्षणभर थांबते, प्रकाश घेते, झडप मिटते आणि त्या अंधारात पुढची चौकट जागेवर ओढली जाते. हे सेकंदाला सोळा वेळा घडावे लागते. फिल्मच्या कडेच्या छिद्रांत अडकणारी नखी दरवेळी नेमकी तितकीच सरकली पाहिजे. चौकट सुमारे चोवीस मिलिमीटर रुंद आणि पडदा बारा फुटांचा धरला, तर चित्र दीडशे पटींनी मोठे होते. म्हणजे नखीची दशांश मिलिमीटर चूक पडद्यावर दीड सेंटीमीटरचा हिसका बनून दिसते. नाटकाचे पडदे रंगविणाऱ्या माणसांनी लेथ, कानस आणि डोळ्यांच्या आधारे ही अचूकता साधली, यातच त्यांचे मोठेपण आहे.

या यंत्रांच्या लहरीही तितक्याच होत्या. कॅमेरा हाताने फिरवावयाचा. एका फेऱ्यात आठ चौकटी, म्हणून सेकंदाला दोन फेरे. हात मंदावला की पडद्यावरील माणसे धावू लागत. हात घाईत आला की ती रेंगाळत. सायंकाळी उजेड कमी झाला की अधिक प्रकाश मिळावा म्हणून दांडा सावकाश फिरविण्याचा मोह होई, आणि त्याची किंमत गतीच्या विकृतीने मोजावी लागे. फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. तो काळा उमटे आणि निळे आकाश पांढरेफटक पडे. रंगांवर हयात घालविलेल्या चित्रकाराला आपली रंगांची जाण फिल्मच्या नजरेने पुन्हा पारखून घ्यावी लागे. बारीकशा फटीतून शिरलेला उजेड, धुळीच्या कणाने पडलेला ओरखडा, कोरड्या हवेत घर्षणाने निर्माण होणाऱ्या विजेचे ठसे, हे सारे दोष फिल्म धुतल्यानंतरच उघडकीस येत. एक हजार फूट फिल्म म्हणजे सोळा हजार चौकटी, म्हणजेच जेमतेम सोळा मिनिटे आणि चाळीस सेकंद. त्यातील प्रत्येक फूट परदेशातून विकत आणलेला असे.

अशा परिस्थितीत ज्याने यंत्र स्वतः घडविले आहे त्याला एक विलक्षण फायदा मिळतो. दोष कोठून आला हे त्याला ठाऊक असते. विकत आणलेल्या यंत्राचा मालक यंत्र बिघडले की हताश होतो. घडविणारा ते उघडतो. दामले व फत्तेलाल यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीत जे तांत्रिक शिक्षण घेतले, त्याच्याच भांडवलावर १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना झाली. १९३३ मध्ये पुण्यास गेल्यावर तिने जे यश मिळविले, त्याची पाळेमुळे या कार्यशाळेत होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

मग उद्योग का झाला नाही? पहिले कारण बाजारपेठेचे. एका चित्रपट कंपनीला कॅमेरे लागणार एक किंवा दोन, आणि तेही वर्षानुवर्षे टिकणार. साऱ्या देशातील कंपन्या धरल्या तरी ही मागणी कारखाना चालविण्याइतकी नव्हती. एकच नग बनविणाऱ्याला साचे, हत्यारे आणि कारागिरांचे शिक्षण यांचा सारा खर्च त्या एका नगावर चढवावा लागतो. दुसरे कारण साखळीचे. कॅमेऱ्याचा सांगाडा आणि चक्रे येथे झाली, पण छायाचित्रणाची भिंगे त्या काळी देशात तयार होत नव्हती आणि कच्ची फिल्म सर्वस्वी आयात होती. तिसरे कारण काळाचे. १९३१ साली ‘आलम आरा’ने बोलपटांचे युग सुरू केले. ध्वनीसाठी सेकंदाला चोवीस चौकटी, काटेकोर सारखी गती, विजेची मोटर आणि आवाज न करणारा कॅमेरा अनिवार्य झाला. हाताने फिरविण्याचे यंत्र अवघ्या तेरा वर्षांत कालबाह्य ठरले. नव्या यंत्रासाठी लागणारे भांडवल, प्रयोगशाळा आणि विद्युत-अभियांत्रिकी मेस्त्रीच्या कार्यशाळेत कोठून येणार?

याच्या शेजारी कोल्हापूरचेच दुसरे उदाहरण ठेवून पाहावे. शेतीच्या पाण्यासाठी आणि उसाच्या गुऱ्हाळांसाठी या भागात परदेशी ऑइल इंजिने आली. ती बिघडत, आणि त्यांचे सुटे भाग सातासमुद्रापलीकडून येईपर्यंत पीक थांबत नसे. म्हणून येथील मेस्त्री दुरुस्ती शिकले, दुरुस्तीतून सुटे भाग ओतू लागले, सुट्या भागांतून सबंध इंजिन उभे करू लागले. त्यातूनच उद्यमनगर वाढले, आणि पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांनी कोल्हापूरचे नाव देशभर नेले. मेस्त्री त्याच गावचे, बुद्धी तीच, हात तेच. फरक एवढाच की इंजिनाचा गिऱ्हाईक गावोगावी होता आणि कॅमेऱ्याचा नव्हता. प्रतिभा पहिला नग घडविते. दुसरा, दहावा आणि हजारावा नग मागणी घडविते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा याहून स्पष्ट क्वचितच मिळेल.

स्वातंत्र्यानंतर हे कोडे सरकारच्या बाजूने सोडविण्याचा प्रयत्न झाला. उटकमंड येथे १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सार्वजनिक उद्योग स्थापन झाला आणि १९६७ पासून ‘इंदू’ नावाची फिल्म तेथे तयार होऊ लागली. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने आग्फाचा ‘क्लिक थ्री’ हा कॅमेरा येथे बनविला आणि मध्यमवर्गीय घरांत लग्नमुंजींची, सहलींची छायाचित्रे त्यावर निघू लागली. शिक्षकाला आणि कारकुनाला परवडणारा तो कॅमेरा होता. पण तंत्रज्ञान परदेशी सहकार्याने आले आणि त्यात पुढची पायरी गाठणारे संशोधन मागे पडले. उटकमंडचा कारखाना १९९० च्या दशकात आजारी ठरला आणि पुढे बंद पडला. डिजिटल लाटेने जगातील बलाढ्य कंपन्यांनाही सोडले नाही. कोडॅकनेदेखील जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले होते.

आणि आता, ज्याचे श्राद्ध उरकले असे सर्वांनी धरले होते, ती फिल्म पुन्हा मागितली जात आहे. महाविद्यालयीन तरुण वडिलांच्या किंवा आजोबांच्या कपाटातून जुने कॅमेरे काढीत आहेत. ‘क्लिक थ्री’मध्ये बारा चौकटींचा रोल भरायचा, मागच्या तांबड्या काचेतून आकडा पाहत तो गुंडाळायचा, आणि गुंडाळण्याचा विसर पडला तर एकावर एक दोन चित्रे उमटायची, हा अनुभव ते कौतुकाने घेतात. जपानमधील पेंटॅक्सने तर २०२४ साली हाताने फिल्म गुंडाळण्याचा अगदी नवा कॅमेरा बाजारात आणला. छत्तीस चित्रांच्या रोलवर तो बहात्तर अर्धचौकटी घेतो. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फिल्म गुंडाळण्याची यांत्रिक रचना करताना त्या कंपनीच्या तरुण अभियंत्यांना निवृत्त झालेल्या ज्येष्ठांचे मार्गदर्शन घ्यावे लागले. आराखडे दप्तरात होते, पण हाताचे ज्ञान माणसांबरोबर बाहेर गेले होते. एवढ्या संपन्न उद्योगसंस्थेची ही स्थिती, तर आपली काय असेल?

हा खुशालचेंडूंचा छंद आहे, त्याची एवढी चर्चा कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. एका रोलला आज शेकड्यांनी रुपये पडतात, धुलाईचे पैसे वेगळे; गरीब विद्यार्थ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, हे म्हणणे रास्तच आहे. स्वस्त, वेगवान आणि तत्काळ निकाल देणारे साधन हाती असताना बातमीदाराने किंवा लग्नाच्या छायाचित्रकाराने फिल्मकडे परतावे, असेही कोणी सुचविणार नाही. फिल्म परत आणणे हे या लेखाचे प्रयोजन नव्हे. मुद्दा कौशल्याचा आहे. लहान झडपा, स्प्रिंगा, दातेरी चक्रे, भिंगांची जुळणी यांचे ज्ञान कॅमेऱ्यापुरते मर्यादित नसते. घड्याळ, सूक्ष्मदर्शक, वैद्यकीय उपकरणे, मोजमापाची साधने या सर्वांत तेच ज्ञान लागते. गावोगावच्या छोट्या दुकानांत डोळ्याला भिंग लावून बसणारे जे कारागीर उरले आहेत, त्यांच्याजवळ तो ठेवा आहे. त्यांची मुले त्या धंद्यात येत नाहीत, आणि त्यांना दोषही देता येत नाही. कारण दुरुस्तीपेक्षा नवी वस्तू घेणे स्वस्त, असा हिशेब सगळीकडे रूढ झाला आहे. या हिशेबात एक रक्कम धरलेलीच नसते, ती म्हणजे शिकण्याची. ऑइल इंजिनाचा उद्योग ज्या शाळेत जन्मला ती दुरुस्तीचीच शाळा होती.

स्मृतींच्या बाबतीतही आपले वर्तन फारसे निराळे नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावर १९२५ साली निघालेला ‘सावकारी पाश’, ज्याचे नाव कोणत्याही अर्थशास्त्राच्या वर्गात आदराने घेतले जावे, तोही पाहावयास मिळत नाही. नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही आणि नाशवंत असते, हे खरे. पण वेळीच प्रती काढून त्या सांभाळण्याची व्यवस्था नव्हती, हेही तितकेच खरे. कर्तृत्वाचे कौतुक करणारा समाज त्या कर्तृत्वाची साधने आणि फळे जपण्यात मात्र कुचराई करतो.

या बाबतीत कोल्हापूरने पुढाकार घेणे अवघड नाही. १९१८ च्या पद्धतीचा, हाताने फिरविण्याचा एक चालता कॅमेरा येथील विद्यार्थ्यांनी नव्याने घडवावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, अभियांत्रिकी महाविद्यालये, कलाशाळा आणि शिवाजी विद्यापीठ यांनी हे काम एकत्र हाती घ्यावे. ओतकाम उद्यमनगरात होईल. भिंगाचे गणित पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी करतील. जमाखर्च वाणिज्य शाखेने लिहावा. असा कॅमेरा बाजारात विकला जाणार नाही. पण सेकंदाला सोळा वेळा नेमके थांबणारे यंत्र बनविताना जो विद्यार्थी दहा वेळा चुकेल, तो अकराव्या वेळी जे शिकेल, ते त्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळणार नाही. त्याचबरोबर घड्याळ व कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या वृद्ध कारागिरांना मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलवावे. खर्च फारसा येणार नाही. विलंब केला, तर मात्र शिकविणारेच उरणार नाहीत.

मेस्त्री बंधूंजवळ पदव्या नव्हत्या, अनुदान नव्हते, आराखडे नव्हते. जुन्या बाजारातील एक यंत्र आणि ते उघडून पाहण्याचे धाडस एवढेच त्यांचे भांडवल होते. आज यंत्रे घरोघरी आहेत आणि उघडण्याची मनाई त्यांच्या वेष्टनावर छापलेली असते. कॅमेरा स्तंभाला वंदन करणाऱ्या पिढीने ती मनाई मुकाट्याने मान्य करावयाची की हातात स्क्रू-ड्रायव्हर घ्यावयाचा, हे आता तिनेच ठरवावयाचे आहे.