कुंडातले जिवाणू आणि बाळाची पहिली लस

तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत माणसे श्रद्धेने स्नान करतात. अशा झऱ्यांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणूही सुखाने नांदतात, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ हा असाच एक जिवाणू. १९६०च्या दशकात अमेरिकेतील यलोस्टोनच्या झऱ्यात तो थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांना सापडला. प्रखर उष्णतेतही टिकणारे त्याचे विकर पुढे पीसीआर चाचणीचा आधार ठरले.

आता हे विकर मिळवायला झऱ्यावर जावे लागत नाही. त्याचे जनुक ‘ई. कोलाय’ या साध्या जिवाणूत बसवले, की तोच ते बनवून देतो. डीएनए ठरावीक जागी कापायचा, हवा तो तुकडा प्लाझ्मिड नावाच्या छोट्या डीएनए-कड्यात जोडायचा आणि ते कडे जिवाणूत सोडायचे, हेच जनुकीय अभियांत्रिकीचे मूळ तंत्र. पूर्वी डुक्कर व गुरांच्या स्वादुपिंडातून काढावे लागणारे इन्सुलिन १९८२ पासून याच तंत्राने मिळू लागले.

हेपटायटिस-बी लसही अशीच. विषाणूच्या बाह्य आवरणातील एका प्रथिनाचे जनुक यीस्टमध्ये घालतात आणि यीस्टने तयार केलेले प्रथिन शुद्ध करून लसीत वापरतात. लसीत विषाणू नसतोच, त्यामुळे तिच्यातून हा आजार होऊ शकत नाही. बाळाची जनुकेही ती बदलत नाही.

तरीही ‘जनुकीय’ शब्द ऐकून काही जण बिचकतात, तर काही ‘आधी पाचवी होऊ द्या’ म्हणतात. हा उशीर महागात पडतो. जन्माच्या सुमारास आईकडून लागण झालेल्या दहापैकी सुमारे नऊ बाळांत हा विषाणू कायमचा ठाण मांडतो. पुढे यकृताचा सिरोसिस किंवा कर्करोग होऊ शकतो. म्हणून पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत हवा. सरकारी रुग्णालयात तो मोफत मिळतो.

शेतात सोडल्या जाणाऱ्या जनुकबदल पिकांची कठोर, स्वतंत्र तपासणी व्हायलाच हवी. पण तो संशय लसीवर लादू नये. तंत्र एकच असले तरी प्रत्येक वस्तूचा निवाडा वेगळा. कुंडातले स्नान सवडीने करता येते, पाचवीही ठरल्या दिवशी होईल. लसीचे ते २४ तास मात्र पुन्हा येत नाहीत.