आभासी सृष्टी कोणासाठी?

ॲपल कंपनीने ‘व्हिजन प्रो’ हे डोळ्यांवर चढवावयाचे यंत्र २ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेत विक्रीस आणले, तेव्हा संगणकयुगाचा नवा अध्याय उघडल्याची द्वाही फिरवण्यात आली. यंत्राची किंमत होती ३,४९९ डॉलर, म्हणजे जवळजवळ ३ लाख रुपये. ऑक्टोबर २०२५ मध्ये अधिक वेगवान चिप बसवलेली आवृत्ती आली आणि किंमत तेवढीच राहिली. यंत्र अव्वल दर्जाचे आहे याविषयी वाद नाही. त्याच्या पडद्यांची सुस्पष्टता आणि केवळ नजरेच्या रोखावरून आज्ञा ओळखण्याची त्याची हातोटी यांची वाखाणणी टीकाकारांनीही केली. तरीही सामान्य अमेरिकन कुटुंबाने त्याचे कौतुक दुरूनच केले. दुकानात प्रात्यक्षिक पाहून थक्क होणारा माणूस ते यंत्र घरी नेण्यास मात्र राजी होईना. असे का व्हावे, हा प्रश्न एका कंपनीच्या नफ्यातोट्यापुरता नाही. सामान्य माणसाची गरज कोणी ठरवावयाची, हा त्यामागील खरा प्रश्न आहे.

याचे सर्वात सोपे उत्तर किमतीकडे बोट दाखवून दिले जाते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. फेसबुकने २०१४ साली सुमारे २ अब्ज डॉलर मोजून ऑक्युलस ही या क्षेत्रातील कंपनी विकत घेतली आणि २०२१ मध्ये स्वतःचे नावच ‘मेटा’ असे बदलले. तिचे १,४९९ डॉलरचे ‘क्वेस्ट प्रो’ ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आले आणि मार्च २०२३ मध्येच त्याची किंमत ९९९ डॉलरवर आणावी लागली. पुढे ते बंदच झाले. याउलट २९९ डॉलरच्या ‘क्वेस्ट २’ला २०२० नंतर चांगले गिऱ्हाईक मिळाले. स्वस्त वस्तू महाग वस्तूपेक्षा अधिक खपते हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. तथापि या स्वस्त यंत्राचा ग्राहकही मुख्यतः खेळांचा शौकीनच राहिला. दूरदर्शन संच किंवा मोबाइल घरोघरी पोचला तसे हे यंत्र पोचले नाही. मेटाच्या संबंधित विभागाचा तोटा २०२२ मध्ये १३.७ अब्ज, २०२३ मध्ये १६.१ अब्ज आणि २०२४ मध्ये १७.७ अब्ज डॉलर असा चढत गेला. त्यात इतर संशोधनाचाही खर्च आहे हे मान्य केले तरी, केवळ किंमत उतरवून बाजारपेठ उभी राहत नाही एवढे त्यावरून दिसते.

दुसरीकडे, महाग वस्तू सामान्य ग्राहक घेतच नाही असेही नाही. ॲपल कंपनीचाच इतिहास त्याची साक्ष देतो. १९७९ साली तिच्या ‘ॲपल टू’ संगणकासाठी ‘व्हिजिकॅल्क’ नावाचा हिशेबाच्या तक्त्यांचा कार्यक्रम आला आणि मोठी रक्कम मोजून छोट्या कचेऱ्या संगणक घेऊ लागल्या. तक्त्यातील एक आकडा बदलला की खालच्या सगळ्या बेरजा आपोआप बदलत. ज्याने कागदावर रात्र रात्र खाडाखोड केली होती त्याला या सोयीचे मोल कोणी समजावून सांगावे लागले नाही. २००७ मध्ये आलेला आयफोनही स्वस्त नव्हता. दोन वर्षांच्या कराराशिवाय तो मिळत नसे आणि तरी त्यासाठी ४९९ किंवा ५९९ डॉलर मोजावे लागत. पण लोकांच्या खिशात फोन आधीच होता. त्याचीच उपयुक्तता अनेक पटींनी वाढली. सामान्य ग्राहक कंजूष नसतो, तो हिशेबी असतो. वस्तू रोजचे कोणते काम हलके करते आणि घरातील किती माणसांच्या उपयोगी पडते, हे पाहून तो किंमत ठरवतो.

या कसोटीवर आभासी सृष्टीचे यंत्र उतरत नाही. पत्र लिहावे, हिशेब करावा, चित्रपट पाहावा, दूरच्या नातलगाशी बोलावे, ही सारी कामे घरात असलेल्या साधनांनी होतात. तीच कामे करण्यासाठी पहिल्या आवृत्तीचे ६०० ते ६५० ग्रॅमचे ओझे कपाळावर आणि गालांवर का वागवावे, याचे पटणारे उत्तर कंपनीपाशी नव्हते. त्यात बॅटरी वेगळी, ती तारेने जोडून खिशात बाळगावयाची आणि पहिल्या आवृत्तीत सर्वसाधारण वापरात सुमारे दोन तास पुरणारी. चष्मा लावणाऱ्यांनी नंबरच्या काचा १४९ डॉलर देऊन स्वतंत्र घ्यावयाच्या. त्यामुळे रेडिओसारखे हे यंत्र सहज एकाने दुसऱ्याच्या हाती देण्याचीही सोय उरत नाही.

शरीराची तक्रार आणखी निराळी. जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि डोळ्यांतील भिंगेही त्याच अंतराशी जुळवून घेतात. या दोन क्रिया निसर्गाने एकमेकींशी बांधल्या आहेत. यंत्रात मात्र डोळे जवळदूर वळत राहतात आणि भिंगांना एकाच ठरावीक अंतरावर स्थिर राहावे लागते, त्यामुळे डोळे शिणतात. शिवाय डोळे सांगतात की शरीर धावत आहे आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की ते खुर्चीत बसले आहे. या विसंवादातून अनेकांना घाटातल्या एस.टी.प्रमाणे मळमळू लागते.

परंतु या साऱ्या उणिवा उद्या दूर झाल्या असे समजले, तरी एक मूलभूत अडचण उरते. ती समजण्यास चित्रपटाच्या जन्मकाळाकडे पाहणे उपयोगी ठरेल. एडिसनचे ‘किनेटोस्कोप’ हे यंत्र एप्रिल १८९४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर लोकांसाठी खुले झाले. एकेका माणसाने पेटीच्या झरोक्याला डोळा लावून हलती चित्रे पाहावयाची, जत्रेतल्या सैरबीनसारखी, आणि पाच यंत्रांच्या रांगेसाठी २५ सेंट मोजावयाचे. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १८९५ रोजी, ल्युमिए बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून तीच नवलाई पडद्यावर दाखवली. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकिटाने त्यांचे खेळ सुरू झाले. झरोका मागे पडला आणि पडदा जगभर पसरला. शेजारचा माणूस हसला की आपलेही हसू वाढते, हे मनुष्यस्वभावाचे साधे सत्य त्या पडद्याने ओळखले होते. आजचे महागडे यंत्र पुन्हा त्या झरोक्याकडे जाऊ पाहत आहे.

यावर असा आक्षेप येईल की मोबाइलही एकट्यानेच पाहावयाची वस्तू आहे. आक्षेप वाजवी आहे, पण मोबाइल डोळे झाकत नाही. त्यातून मान वर केली की समोरचे माणूस दिसते, आणि त्याचे मूळ प्रयोजनच दुसऱ्याशी बोलणे हे आहे. ही उणीव व्हिजन प्रोच्या निर्मात्यांनाही जाणवली असली पाहिजे. एरवी यंत्राच्या बाहेरील अंगास एक पडदा बसवून त्यावर आत झाकलेल्या डोळ्यांचे चित्र दाखवण्याचा खटाटोप त्यांनी केला नसता. घरातल्या माणसांना आपले डोळे दिसावेत म्हणून आणखी एक यंत्रणा विकत घ्यावी, हे सामान्य गृहस्थाच्या गळी उतरणे कठीणच होते.

याचा अर्थ ही विद्या निरुपयोगी आहे असा नव्हे. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर बसवावयाचे असे पहिले संगणकी साधन घडवले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. तेव्हापासूनच्या प्रदीर्घ संशोधनाचा लाभ शस्त्रक्रियेचा सराव करणाऱ्या डॉक्टरांना आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणाला होतो. तेथे चुकीची किंमत जीवाने मोजावी लागते, म्हणून यंत्राची किंमत मोठी वाटत नाही. पण कारखान्यातले लेथ मौल्यवान असते म्हणून ते कोणी दिवाणखान्यात मांडत नाही.

शिक्षकवर्गाने या ठिकाणी विशेष सावध राहावयास हवे. घरगुती ग्राहक मिळेना की विक्रेत्याची नजर संस्थांकडे वळते. मेटाने २०२३ मध्ये आपल्या यंत्रासाठीची किमान वयोमर्यादा, पालकांच्या देखरेखीच्या अटीवर, १३ वरून १० वर्षांवर आणली. एप्रिल २०२४ मध्ये तिने शिक्षणसंस्थांसाठी स्वतंत्र योजना जाहीर केली. ज्या खर्चाला बापाने घरी नकार दिला, तोच खर्च शाळेच्या शुल्कातून त्याच्याकडून वसूल होण्याची वाट येथे मोकळी होते. मानवी हृदयाची रचना आतून पाहता यावी यासाठी प्रयोगशाळेत एखादे यंत्र सूक्ष्मदर्शकाप्रमाणे ठेवावयास हरकत नाही. विद्यार्थ्याने ते पाच मिनिटे लावावे, मग उतरवावे आणि पाहिलेल्याविषयी वर्गात वाद घालावा. मात्र प्रत्येक मुलाच्या डोळ्यांवर यंत्र चढवल्याने शाळा आधुनिक होते हा समज फळ्याला आणि पुस्तकाला तर मारक आहेच, पण त्याहून अधिक शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या नजरानजरेला मारक आहे.

सामान्य ग्राहकाने या महागड्या यंत्राला दिलेला नकार हा कल्पनादारिद्र्याचा पुरावा म्हणून मांडला जातो. वस्तुतः तो विवेकाचा पुरावा आहे. याच माणसाने रेडिओ घेतला, संगणक घेतला, मोबाइल घेतला. नवे ते स्वीकारण्यास तो कधी कचरला नाही. ज्या दिवशी हे यंत्र चष्म्याइतके हलके होईल, संसाराच्या आवाक्यात येईल आणि रोजचे एखादे काम खरोखर सुकर करील, त्या दिवशी तो तेही घेईल. तोपर्यंत गरज सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे, घेणाऱ्यावर नाही.