निकालावर पगार

ज्यांची मुले-भाचरे अमेरिकेत शिकावयास गेली आहेत त्यांना ठाऊक असेल की, आपल्याकडे दिवाळीची गडबड चालू असते त्याच सुमारास तिकडे कॉलेजांच्या फुटबॉलचा हंगाम ऐन भरात असतो. हा फुटबॉल आपला नव्हे. त्यातला चेंडू लंबगोल. तो पायापेक्षा हातानेच अधिक खेळतात, आणि डोक्याला टोप व खांद्याला चिलखत चढवून एकमेकांच्या अंगावर तुटून पडतात. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १,०७,६०१ प्रेक्षक बसतात. एवढी माणसे कोणा प्राध्यापकाच्या व्याख्यानाला जमल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

या हंगामाच्या पोटातच दुसरा एक हंगाम असतो : प्रशिक्षकांना, तिकडच्या बोलीत 'कोच' मंडळींना, घरी बसविण्याचा. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०१७ साली जिम्बो फिशर या गृहस्थांशी दहा वर्षांचा, साडेसात कोटी डॉलरचा करार केला. २०२१ साली तो वाढवून २०३१ पर्यंत नेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना काढले, आणि कराराप्रमाणे त्यांना द्यावयाची रक्कम निघाली ७ कोटी ६० लाख डॉलरच्या वर. आपल्या हिशेबाने सहाशे कोटी रुपयांहून अधिक! त्यातला काही भाग लगेच, आणि पुढे २०३१ पर्यंत दरसाल ७२ लाख डॉलर. दुसरीकडे नोकरी धरली तरी यातला एक छदामही कमी व्हावयाचा नाही, अशी तजवीज करारातच होती. नेब्रास्काची कथा याहून मासलेवाईक. ११ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांनी स्कॉट फ्रॉस्ट यांना निरोप दिला. दीड कोटी डॉलर मोजले. १ ऑक्टोबरपर्यंत कळ काढली असती तर निम्म्यात भागले असते. वीस दिवस धीर धरवला नाही म्हणून पाऊण कोटी डॉलर! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

असा प्रकार पाहिला की कोणाही संसारी माणसाच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो हाच : काम दाखवा, दाम घ्या. सामने जिंकाल तर पगार, हराल तर कपात. तिकडे ही मागणी पुष्कळ करतात, आणि इकडेही शाळा-कॉलेजांच्या बाबतीत हीच भाषा बोलणारे थोडे नाहीत. मला ही मागणी साफ नामंजूर आहे. फिशरसाहेबांविषयी मला कळवळा आहे म्हणून नव्हे; ते सुखात आहेत. माझा आक्षेप असा की, पगार प्रशिक्षकाचा कापला जाईल, पण त्याची किंमत वसूल होईल ती एकोणीस वर्षांच्या पोरांकडून.

हे मी हवेत बोलत नाही. मेरीलँड विद्यापीठात २९ मे २०१८ रोजी सरावात धावता धावता एका मुलाला उष्माघात झाला. अशा वेळी रोग्याला तत्काळ गार पाण्यात बुडवावे लागते; ते कोणी केले नाही. १३ जूनला तो मुलगा गेला. वय १९. सामना नव्हता, हंगामही नव्हता. उन्हाळ्यातला सराव होता. थांब, बस, पाणी पी, असे म्हणण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांनी तो वेळेवर वापरला नाही. पुढे चौकशी झाली, ३० ऑक्टोबरला मुख्य प्रशिक्षकांना पुन्हा कामावर घेतले आणि ओरड होताच दुसऱ्या दिवशी काढून टाकले, तेही सुमारे पन्नास लाख डॉलरचे देणे मान्य करून. आता कल्पना करा की, त्या मैदानावरच्या प्रत्येक माणसाच्या पगाराची दोरी येत्या शनिवारच्या निकालाला बांधलेली आहे. घेरी आलेल्या मुलाला 'बस' म्हणणे त्यामुळे सोपे होईल, की अवघड?

यावर शहाणे लोक म्हणतात, निकाल एकट्या सामन्यांचा धरू नका. मुलांच्या अभ्यासाचाही धरा. ठीक. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९९३ ते २०११ पर्यंत असे काही अभ्यासक्रम चालले की, त्यांत वर्ग नाही, मास्तर नाही, एक निबंध टाकला की चांगले गुण. ३,१०० वर विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ घेतला; त्यांत निम्म्याच्या आसपास खेळाडू. खेळावयाचे तर अमुक गुण हवेत, असा नियम होता ना? गुण मिळाले. विद्या कोठे गेली, हे नियमात विचारलेले नव्हते.

हा रोग नवा नाही, आणि आपल्यालाही अनोळखी नाही. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांनी प्राथमिक शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेवर बांधले. इन्स्पेक्टर यावयाचा, मुलगा वाचन, लेखन, गणित यांत उतरला तर शाळेला पैसे. मास्तरांनी मुलांकडून वाचनपुस्तक पाठ करून घेतले. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी स्वतः शाळा-इन्स्पेक्टर होता. त्याने या पद्धतीवर सतत टीका केली. शतक संपता संपता ती गेली, पण त्याआधी आपल्या मुंबई इलाख्यातल्या खाजगी शाळांचे अनुदानही तिने निकालाच्या दावणीला बांधले होते.

बाजाराचा दाखला देणारे विचारतील : हा खेळ विद्यापीठाला गाडाभर पैसा मिळवून देतो, मग प्रशिक्षकाने वाटा का मागू नये? मिळवून देतो खरे. 'बिग टेन' नावाच्या विद्यापीठसंघाने २०२२ साली दूरचित्रवाणीशी केलेला करार सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरवरचा आहे. पण हा पैसा प्रशिक्षकाकडेच का वाहिला, ते पाहा. विद्यापीठांनी खेळाडूला थेट मोबदला द्यावयाचा नाही, असा नियम पिढ्यान्‌पिढ्या होता. हाडे मोडावयाची मुलांनी, त्यांना शिष्यवृत्ती. उरलेला पैसा कोठे तरी जाणारच. तो मैदानांच्या इमारतींत गेला आणि प्रशिक्षकांच्या करारांत गेला. न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीमुळे १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, सगळ्या खेळांतल्या सगळ्या खेळाडूंना मिळून. एकट्या फिशरांची बिदागी याच्या साडेतीनपटीहून अधिक होती, हे वाचकहो, सहज लक्षात घ्या.

मग करावे काय? मला विचाराल तर प्रशिक्षकाला वरिष्ठ प्राध्यापकाचा पगार द्यावा, जिंकला तरी तोच, हरला तरी तोच. काढावयाचे झाल्यास एक वर्षाचे वेतन, आणि दुसरी नोकरी लागताच तेही बंद. ही शेवटची अट अशक्य नाही. पेन स्टेटने ऑक्टोबर २०२५ मध्ये जेम्स फ्रँकलिन यांना काढले तेव्हा देणे पाच कोटी डॉलरच्या घरात होते. ते महिन्याभरात व्हर्जिनिया टेककडे रुजू झाले आणि प्रकरण ९० लाखांवर मिटले. सराव थांबविण्याचा अधिकार डॉक्टरचा असावा, आणि डॉक्टरची नेमणूक प्रशिक्षकाच्या हाती नसावी.

अशा पगारावर कोणी चांगला माणूस येणार नाही, असे म्हणतात. शिकागो विद्यापीठाने १८९२ साली एमॉस अलोन्झो स्टॅग यांना नेमले ते प्राध्यापकवर्गातली कायम जागा देऊन. स्टॅग काही संत नव्हते. चांगली पोरे पळवून आणण्याचे आरोप त्यांच्यावरही झाले. पण ते ४१ हंगाम तेथे राहिले. सत्तरी आली म्हणून १९३२ साली विद्यापीठाने त्यांना निवृत्त केले, तेव्हा ते कॅलिफोर्नियातल्या एका लहानशा कॉलेजात गेले आणि आणखी चौदा वर्षे पोरांना खेळ शिकवीत राहिले.