बुलेटच्या इंजिनाचे सोवळे

१/ १९६५ सालच्या बुलेटमध्ये १९८० सालचा पिस्टन बसवला की ती बाटली, असे काही संग्राहक छातीठोकपणे सांगतात. हे सोवळे इतिहासाला धरून नाही.

२/ १९५५ साली मद्रासला सुरू झालेल्या या गाडीच्या ३४६ सीसी इंजिनाचे ७० × ९० मिमी हे माप दशकानुदशके टिकले. म्हणूनच परभणी जिल्ह्यातील राणीसावरगावसारख्या, कारखान्यापासून शेकडो कोस दूरच्या गावीही मिळेल त्या वर्षाचा भाग बसवून ती धावती ठेवता आली.

३/ मर्यादा मात्र आहे. क्रँककेसचे दोन भाग जोडीनेच बोअर केलेले असतात. जोडी फोडली की बेअरिंगांची रेषा चुकते आणि क्रँक जड फिरतो. इंजिन क्रमांकही केसवरच असतो. तो खोडून दुसरा ठोकणे ही दुरुस्ती नव्हे, बनावटगिरी होय.

४/ २०२१ चे केंद्रीय नियम पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील गाडीलाच ‘व्हिंटेज’ मानतात. झिजलेला पिस्टन बदलणे हाही फेरफार ठरवला, तर आयुष्यभर राबलेली गाडी बाद होईल आणि कोठारात झाकून ठेवलेली तेवढी मान मिरवील.

५/ प्रत्येक भागाचे वर्ष नोंदवहीत लिहावे. दुसऱ्या वर्षाचा भाग खोटा नसतो. ते वर्ष लपवून गाडी विकणारा खोटा असतो.