चौदाव्या वर्षी घेतलेला निर्णय

अमेरिकेत शालेय शिक्षण हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. शालान्त प्रमाणपत्रासाठी विद्यार्थ्याने काय शिकले पाहिजे, हे वॉशिंग्टन नव्हे, तर त्या त्या राज्याचे विधिमंडळ ठरविते. टेक्सासने २००६ साली इंग्रजी, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे हे चारही विषय चार-चार वर्षे शिकण्याचा दंडक घातला. हेतू उत्तम होता. परंतु वेल्डिंगमध्ये वा शेतीकामात गती असलेला मुलगाही त्याच चरकात घातला गेला. त्यात विषयवार परीक्षांची संख्या १५ वर गेली, तेव्हा पालक आणि उद्योजक दोघेही त्रासले.

अखेर २०१३ मध्ये 'हाउस बिल ५' संमत झाले. परीक्षा ५ वर आल्या. नववीत प्रवेश करतानाच विद्यार्थ्याने ५ शाखांपैकी एक निवडावी, असे ठरले. त्यांत उद्योग-व्यापार आणि लोकसेवा यांना विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पंक्तीला पान मिळाले. हाताच्या कौशल्याला कायद्याने दिलेली ही प्रतिष्ठा निःसंशय स्वागतार्ह आहे.

मेख पुढेच आहे. बीजगणिताचा दुसरा अभ्यासक्रम सर्वांना सक्तीचा राहिला नाही; परंतु वर्गातील वरच्या क्रमांकामुळे राज्याच्या विद्यापीठांत जो आपोआप प्रवेश मिळतो, त्यासाठी तो आवश्यकच राहिला. ह्यूस्टन-डॅलसमधील सुशिक्षित मराठी घरात हे ठाऊक असते. आईवडील मुलाला तो विषय घ्यायलाच लावतात. ज्याचे वडील ट्रक चालवितात आणि घरी इंग्रजी बोलले जात नाही, त्या मुलाला हे कोणी सांगायचे? शाळेतील समुपदेशकाने. आणि त्या बिचाऱ्याच्या वाट्याला शेकडो मुले!

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा परिचय घडविण्याचे लक्ष्य ठेवले होते. १९ ते २४ वयोगटातील औपचारिक व्यवसायशिक्षण घेतलेल्या कामकऱ्यांचे प्रमाण बाराव्या योजनेच्या अंदाजानुसार पाच टक्क्यांहूनही कमी असल्याचे त्याच धोरणात नमूद आहे. जर्मनीत ते ७५ टक्के. याचे खापर केवळ शासनावर फोडता येणार नाही. श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान देणारे आपण स्वतःच्या चिरंजीवांना मात्र अभियांत्रिकीच्याच रांगेत उभे करतो. सुतारकाम शिकायचे ते दुसऱ्याच्या मुलाने! असे असताना व्यवसायशिक्षणाची वाट कोणाच्या वाट्याला येईल, हे वेगळे सांगायला नको.

टेक्सासच्या कायद्यातील एक तरतूद म्हणूनच मला मोलाची वाटते. शाखेविना शालान्त व्हायचे असेल, तर दहावीनंतर समुपदेशकाने शाखा घेण्याचे लाभ समजावून सांगावेत आणि मगच पालकांनी लेखी संमती द्यावी, असे तेथे बंधन आहे. महाराष्ट्राने व्यवसायशिक्षणाची नियमावली करताना याच धर्तीवर, पण एक पाऊल पुढचे कलम घालावे. पालकांच्या स्वाक्षरीच्या कागदावर, त्या निवडीने पुढे कोणत्या अभ्यासक्रमांचे प्रवेश बंद होतात, त्यांची यादी स्वच्छ मराठीत छापलेली असावी.