जेम्सला विचारलं होतं का?



आजीच्या किंवा आजोबांच्या दंडावर एक गोल, खोलगट वण दिसतो का बघा बरं. लहानपणी 'देवी काढल्या', त्याची ती खूण. (तुमच्या दंडावरचा छोटा वण बीसीजीचा. तो वेगळा!) १९८० साली देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं, म्हणून तुमच्या वाट्याला तो टोचा आला नाही.

या लसीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. इंग्लंडमधल्या बर्कली गावचे डॉक्टर एडवर्ड जेन्नर. गाईंच्या सौम्य देवी ज्यांना येऊन जातात, त्यांना खऱ्या देवी येत नाहीत, असं त्या भागात लोक म्हणत. १४ मे १७९६ या दिवशी जेन्नरनी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव घेतला आणि आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या दंडाला बारीक चिरा देऊन तो आत घातला. पोराला थोडा ताप आला, अन्न जाईना, मग बरा झाला. १ जुलैला त्याला मुद्दाम खऱ्या देवीच्या फोडातला पू टोचला. काही झालं नाही. लस लागू पडली!

पाठ्यपुस्तकातली गोष्ट इथं संपते. मला मात्र एक शंका नेहमी छळते. जेम्सला कुणी विचारलं होतं का? त्याचे वडील गरीब मजूर होते, जेन्नरांच्याच बागेत काम करायचे. मालकानं 'तुझा मुलगा हवाय' म्हटल्यावर माळ्याच्या तोंडून 'नाही' निघेल?

जेन्नरांवर लगेच चिडू नका हं. तेव्हा देवीचा पू थोडासा टोचून घ्यायची पद्धत इंग्लंडात होतीच. खुद्द जेन्नरनाही लहानपणी असंच टोचलं होतं, आणि त्या वेळचे हाल ते विसरले नव्हते.

मग आधी स्वतःवर प्रयोग केला तर? तेही झालंय, आणि आपल्या मुंबईत! १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात रात्रंदिवस खपून लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिला डोस स्वतःच्या अंगात घेतला. ताप आला, अंग दुखलं, पण निभावलं. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची. लवकरच भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे जे कैदी तयार झाले, त्यांना लस टोचली.

तयार झाले म्हणजे काय? दाराला कुलूप, आत प्लेग, समोर जेलर. अशा माणसाचा 'हो' कितपत खरा मानायचा? तरी मला वाटतं, जेम्सपेक्षा त्यांचं बरं. रोग त्यांच्या दारातच होता, आणि निदान त्यांना विचारलं तरी होतं.

१९४७ साली जर्मनीत न्यूरेंबर्गला, कैद्यांवर क्रूर प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल लागला. माणसावर प्रयोग करायचा तर आधी त्याची राजीखुशीची संमती हवी, हे त्यात पहिलं कलम म्हणून लिहिलं गेलं. आज आपल्याकडे मुलांवर नव्या औषधाची चाचणी करायची, तर आईवडिलांची सही लागतेच. शिवाय मूल सात वर्षांचं किंवा मोठं असेल, तर त्याला कळेल अशा भाषेत सांगून त्यालाही विचारावं लागतं. (हे फक्त संशोधनाबद्दल बरं का! इंजेक्शन दिसताच कॉटखाली दडणाऱ्यांनी हा परिच्छेद आईला वाचून दाखवू नये.)

हो, जेम्सचं पुढे काय झालं ते राहिलंच. तो मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आणि जेन्नरनी त्याला बर्कलीत एक छोटं घर बिनभाड्यानं राहायला दिलं. १८२३ मध्ये जेन्नर वारले, तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला जेम्स हजर होता.

ते घर कशाबद्दल दिलं असेल? आमच्या घरी यावर दोन तट आहेत. आमची ही म्हणते, उपकाराची फेड. मी म्हणतो, मनाला लागलेली टोचणी. तुमच्या घरी काय म्हणतात, पत्रानं कळवा.